आधी पाहणी, मग कुऱ्हाड

वनातून बाहेर पडणाऱ्या लाकडावर बहुधा दोन प्रकारच्या खुणा आढळतात. एक खूण वनखात्याच्या हातोड्याची. लाकूड कोणत्या वनातून निघाले आणि ते परवानगीने निघाले काय, हे तिच्यावरून कळते. दुसरी खूण कारखान्यातून तयार होऊन आलेल्या फळीवर, खुर्चीवर अथवा कागदाच्या रिमावर छापलेली असते. झाडाची किंवा पानाची एखादी हिरवी आकृती आणि तिच्याखाली 'जबाबदार', 'टिकाऊ' अशा अर्थाचे शब्द, असे तिचे स्वरूप असते. पहिली खूण कायद्याची, तर दुसरी विश्वासाची. परंतु या दोन्ही खुणा जागच्या जागी असूनही वनाची हानी होऊ शकते काय? आणि होत असल्यास सामान्य नागरिकाने दाद कोठे मागावी?

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात २०१० पासून पुढे जे खटले चालले, त्यांतून या प्रश्नांचे बरेचसे उत्तर मिळते. हे खटले कोणा चोरट्या लाकूडतोड्याविरुद्ध नव्हते. ते शासनाच्याच मालकीच्या, परवानगीने व आराखड्यानुसार काम करणाऱ्या एका महामंडळाविरुद्ध होते. म्हणूनच त्यांचा अभ्यास उद्बोधक ठरतो.

ऐंशी वर्षांचे झाड, दीडशे वर्षांची ढोली

मेलबर्न शहराच्या ईशान्येस पसरलेल्या डोंगराळ प्रदेशात 'माउंटन ॲश' नावाच्या निलगिरीच्या जातीची उंचच उंच वने आहेत. जगातील सपुष्प वृक्षांत ही जात सर्वांत उंच मानली जाते. १९३९ च्या जानेवारीत लागलेल्या भीषण वणव्यात या प्रदेशातील वनांचा मोठा भाग जळून गेला. आज उभी असलेली बरीच झाडे त्या राखेतून उगवलेली, म्हणजे एकाच वयाची आहेत.

या वनांत लेडबीटर पॉसम हा सव्वाशे ग्रॅम वजनाचा, निशाचर, शिशुधान प्राणी राहतो. विसाव्या शतकाच्या आरंभानंतर तो कोणाच्या दृष्टीस पडला नव्हता आणि नामशेष झाला असेच मानले जात होते. १९६१ मध्ये तो पुन्हा आढळला. १९७१ मध्ये, महाराष्ट्रात शेकरूला मिळाला तसाच मान देऊन, त्याला व्हिक्टोरियाचा राज्यप्राणी ठरविण्यात आले. त्याच्याच शेजारी 'ग्रेटर ग्लायडर' हा मोठा प्राणी राहतो. आपल्याकडील उडत्या खारीप्रमाणे अंगाच्या पडद्याच्या साहाय्याने तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तरंगत जातो. एका झेपेत शंभर मीटरपर्यंतचे अंतर तो कापू शकतो. त्याचा आहार म्हणजे जवळजवळ केवळ निलगिरीची पाने. तो आपले थोडक्या हेक्टरांचे क्षेत्र सहसा सोडीत नाही. तेथील झाडे पडली, तर दुसरीकडे जाऊन संसार थाटणे त्याला साधत नाही.

दोघांनाही दिवसा दडण्यासाठी व पिले वाढविण्यासाठी झाडाची ढोली लागते. येथेच सारा प्रश्न उभा राहतो. माउंटन ॲशच्या खोडात राहण्याजोगी ढोली तयार होण्यास सव्वाशे ते दीडशे वर्षे, कित्येकदा त्याहूनही अधिक काळ लागतो. लाकडासाठी मात्र हे झाड साधारणपणे ऐंशी वर्षांच्या आसपास तोडीस योग्य समजले जाई. ऐंशीव्या वर्षी तोडलेल्या वनाच्या जागी नवे वन उगवते, वाढते आणि पुन्हा ऐंशीव्या वर्षी तोडले जाते. हिशेबाच्या वहीत लाकडाचा साठा कायम राहतो. झाडे 'पुनरुत्पादित' झाल्याची नोंदही खरीच असते. परंतु त्या वनात ढोली कधीच तयार होत नाही. लाकडाच्या दृष्टीने जे टिकाऊ, ते प्राण्याच्या दृष्टीने टिकाऊ असतेच असे नाही, ही या प्रकरणातील पहिली समजून घेण्याची गोष्ट होय.

तोडीची पद्धतही लक्षात घेतली पाहिजे. आपल्या वनविभागांप्रमाणे तेथेही तोडीसाठी आखलेल्या क्षेत्राला 'कूप' म्हणतात. कूपातील बहुतेक झाडे एकदमच तोडावयाची, उरलेला पालापाचोळा व फांद्या पेटवून द्यावयाच्या आणि त्या राखेत बी पेरावयाचे, अशी ही संपूर्ण तोडीची रीत होती. २००९ च्या फेब्रुवारीतील वणव्याने पॉसमचा बराचसा अधिवास आधीच भस्मसात केला होता. अशा वेळी उरलेल्या जुन्या झाडांचे मोल किती वाढले असेल, याची कल्पना करता येईल.

कायद्याने दिलेली सूट

१९९९ च्या ऑस्ट्रेलियन पर्यावरण संरक्षण कायद्यानुसार, धोक्यात आलेल्या प्राण्यावर गंभीर परिणाम करणाऱ्या कामास केंद्र शासनाची परवानगी घ्यावी लागे. परंतु लाकूडतोडीला यातून सूट होती. १९९७ पासून केंद्र व राज्य शासनांमध्ये प्रदेशवार वनकरार झाले होते. त्या करारांना अनुसरून होणाऱ्या तोडीस निराळी परवानगी लागणार नाही, असे कायद्याचे कलम होते. करारातच संवर्धनाची व्यवस्था केलेली आहे, तेव्हा पुन्हा परवानगी कशाला, हा त्यामागील विचार होता.

व्हिक्टोरियातील शासकीय वनांतील लाकूड तोडून विकण्याचे काम २००४ पासून 'व्हिक्फॉरेस्ट्स' या शासकीय महामंडळाकडे आले. त्याच वर्षी राज्याने केलेल्या कायद्याच्या नावातच 'टिकाऊ वने' हे शब्द होते. महामंडळाला राज्याची एक आचारसंहिता पाळावी लागे. तीत सावधगिरीच्या तत्त्वाचा समावेश होता. गंभीर अथवा भरून न येणारी हानी होण्याचा धोका असेल, तर शास्त्रीय निश्चितता नाही या सबबीखाली प्रतिबंधक उपाय पुढे ढकलता येणार नाहीत, असे हे तत्त्व सांगते.

या तत्त्वाची कसोटी प्रथम २०१० मध्ये लागली. पूर्व गिप्सलँडमधील ब्राउन माउंटन येथील जुन्या वनातील तोडीविरुद्ध एका छोट्या स्थानिक संस्थेने राज्याच्या न्यायालयात धाव घेतली. न्यायमूर्ती ऑस्बोर्न यांनी त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये तोडीला मनाई केली. दुर्मीळ प्राण्यांच्या पाहणीच्या व संरक्षणाच्या अटी पूर्ण झाल्याशिवाय तेथे कुऱ्हाड चालविता येणार नाही, असे ठरले. आचारसंहितेतील सावधगिरीचे कलम पाळण्यास महामंडळ कायद्याने बांधलेले आहे, हे या निकालाने प्रस्थापित केले.

सहासष्ट कूपांचा खटला

२०१७ मध्ये 'फ्रेंड्स ऑफ लेडबीटर्स पॉसम' या स्वयंसेवी संस्थेने संघीय न्यायालयात दावा दाखल केला. तिचा युक्तिवाद साधा होता. वनकराराची सूट करारानुसार होणाऱ्या तोडीला आहे. करार आचारसंहितेवर उभा आहे. महामंडळाने आचारसंहितेतील सावधगिरीचे कलम मोडले असेल, तर ती तोड करारानुसार झाली असे म्हणता येणार नाही. मग सूटही उरणार नाही.

२७ मे २०२० रोजी न्यायमूर्ती डेबी मॉर्टिमर यांनी संस्थेच्या बाजूने निकाल दिला. झालेली व योजलेली तोड मिळून ६६ कूपांचा प्रश्न त्यात होता. पॉसम व ग्रेटर ग्लायडर यांच्या अधिवासाला असलेल्या धोक्याची पुरेशी दखल महामंडळाने घेतली नाही, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. महामंडळाने आपली नवी, सुधारित धोरणे न्यायालयापुढे ठेवली होती. परंतु कागदावर आखलेले धोरण आणि प्रत्यक्ष कूपात होणारे काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे न्यायालयाने सतत ध्यानात ठेवले.

निकालाचे पडसाद बाजारात लगेच उमटले. त्याच वर्षीच्या जुलैत 'बनिंग्ज' या मोठ्या विक्रेत्याने महामंडळाचे लाकूड आपल्या दुकानांतून विकणे थांबविले. कायद्याचे पालन करून निघालेलेच लाकूड घ्यावयाचे, हे त्याचे जाहीर धोरण होते.

परंतु कायद्याचा मार्ग सरळ नसतो. १० मे २०२१ रोजी संघीय न्यायालयाच्या पूर्णपीठाने हा निकाल फिरविला. वस्तुस्थितीविषयीचे खालच्या न्यायालयाचे निष्कर्ष पूर्णपीठाने कायम ठेवले. मात्र आचारसंहितेचा एखादा भंग झाला म्हणून कायद्यातील सूट नाहीशी होत नाही, असा कलमाचा अर्थ लावला. त्या वर्षाच्या अखेरीस देशाच्या शिखर न्यायालयानेही संस्थेला पुढील अपिलाची परवानगी नाकारली. हानी झाली हे सिद्ध झाले, पण त्या कायद्याखाली ती रोखता येत नव्हती. अभ्यासकाने येथे क्षणभर थांबावे. सत्य सिद्ध होणे आणि उपाय मिळणे या न्यायदानातील दोन निराळ्या पायऱ्या आहेत. पहिली चढली म्हणजे दुसरी आपोआप चढली असे होत नाही.

रात्रीच्या अंधारातील पुरावा

यानंतर लढ्याची जागा बदलली. केंद्राच्या कायद्यातील सुटीचा वाद सोडून पूर्व गिप्सलँड व किंगलेक येथील दोन नागरिक संस्थांनी राज्याच्या न्यायालयात एक मर्यादित प्रश्न मांडला: प्राणी कोठे आहेत हे पाहिल्यावाचून त्यांचे रक्षण कसे करणार?

ग्लायडरचा शोध घेण्याची रीत गुंतागुंतीची नाही. रात्री प्रखर बॅटरी घेऊन वनातून सावकाश चालावयाचे आणि झाडांच्या शेंड्यांवर प्रकाश टाकीत जावयाचे. प्रकाश पडताच प्राण्याचे डोळे लकाकतात. जागेची नोंद करून पुढे जावयाचे. महामंडळाच्या पाहण्या कूपाचा बराचसा भाग न तपासताच पुऱ्या होत असत. उलट गावकरी व हौशी निसर्गप्रेमी रात्रीमागून रात्री वनात जाऊन अशा नोंदी गोळा करीत. या नोंदी पुढे न्यायालयात पुरावा म्हणून दाखल झाल्या. ज्यांच्यापाशी ना पद होते, ना अधिकार, त्यांच्या वहीतील तारीख, वेळ आणि ठिकाण यांना असे महत्त्व आले.

४ नोव्हेंबर २०२२ रोजी न्यायमूर्ती मेलिंडा रिचर्ड्स यांनी निर्णय दिला. ग्लायडर सापडण्याची वाजवी शक्यता असलेल्या पद्धतीने कूपाची पाहणी झाल्याशिवाय तोड करता येणार नाही, असा आदेश त्यांनी दिला. ग्रेटर ग्लायडर आढळल्यास त्याचे निवासक्षेत्र तोडीतून वगळावे आणि उरलेल्या क्षेत्रातही निलगिरीच्या खोडांच्या एकूण छेदक्षेत्रापैकी किमान ६० टक्के उभे ठेवावे, अशीही अट घातली. महामंडळाचे अपील २०२३ मध्ये फेटाळले गेले.

या आदेशात कोठेही वृक्षतोडीवर सरसकट बंदी नव्हती. आधी पाहा, मग तोडा, एवढेच त्याचे म्हणणे होते. परंतु खरोखर पाहून, जेथे प्राणी आहेत ती जागा सोडून तोड करावयाची म्हटल्यावर जुन्या पद्धतीचा व्यवसाय चालेनासा झाला. २०१९ मध्ये राज्य शासनाने नैसर्गिक वनांतील तोड २०३० पर्यंत थांबविण्याचे जाहीर केले होते. मे २०२३ मध्ये ही मुदत अलीकडे आणून १ जानेवारी २०२४ ठरविण्यात आली. ३० जून २०२४ रोजी महामंडळच बंद झाले.

गिरण्या आणि गावे

या घटनेची दुसरी बाजू नजरेआड करणे न्याय्य होणार नाही. डोंगरातील कित्येक गावांचे जीवन लाकडाच्या गिरण्यांवर अवलंबून होते. लाकूडपुरवठा आटल्यामुळे मॅरीव्हेल येथील कागद गिरणीने २०२३ च्या आरंभी पांढऱ्या कागदाचे उत्पादन थांबविले. तोड थांबल्याच्या काळात ठेकेदारांना भरपाई द्यावी लागली आणि कामगारांच्या पुनर्वसनासाठी शासनाला मोठी तरतूद करावी लागली. ज्या कामगाराने तीस वर्षे करवत चालविली, त्याने कोणताही नियम मोडलेला नव्हता. वन किती उरले आहे याचा खरा हिशेब वेळीच मांडला गेला असता, तर व्यवसायाला हळूहळू लागवडीच्या लाकडाकडे वळता आले असते. न केलेल्या पाहणीची किंमत प्रथम प्राण्याने व शेवटी कामगाराने मोजली, असेच म्हणावे लागेल.

शिक्का नेमके काय सांगतो?

आता दुसऱ्या खुणेकडे वळू. लाकडावरील हरित प्रमाणचिन्हे सरकारी नसतात, तर स्वयंसेवी व्यवस्थांची असतात. जगात दोन व्यवस्था प्रमुख आहेत. १९९३ मध्ये स्थापन झालेली एफएससी ही पहिली. तिच्या कारभारात पर्यावरणीय, सामाजिक व आर्थिक अशा तीन गटांना समान मताधिकार असतो. १९९९ मध्ये सुरू झालेली पीईएफसी ही दुसरी. ती निरनिराळ्या देशांच्या राष्ट्रीय योजनांना मान्यता देते. ऑस्ट्रेलियाची 'रिस्पॉन्सिबल वूड' ही योजना तिच्याशी संलग्न आहे.

व्हिक्फॉरेस्ट्सपाशी ऑस्ट्रेलियन मानकाचे प्रमाणपत्र होते. एफएससीचे प्रमाणपत्र मिळविण्याचे त्याचे प्रयत्न मात्र सफल झाले नाहीत. म्हणजे एकच वन, एकच तोड, आणि एका चिन्हास पात्र तर दुसऱ्यास अपात्र. ज्या काळातील तोडीबद्दल न्यायालयाने ताशेरे ओढले, त्याच काळात तिच्या लाकडाला एक हिरवे चिन्ह लाभलेले होते. ग्राहकाला दोन्ही चिन्हे सारखीच हिरवी दिसतात. त्यांमागील अटींतील अंतर त्याला दिसत नाही.

कोणतेही चिन्ह वाचताना तीन गोष्टी जाणून घ्याव्यात. पहिली, ते कशाला दिले आहे. एफएससीच्याच चिन्हाचे तीन प्रकार आहेत: संपूर्ण प्रमाणित वनातील माल, मिश्र माल आणि पुनर्वापरातील माल. मिश्र चिन्हाच्या वस्तूत काही भाग प्रमाणित नसलेल्या, पण काही किमान अटींनुसार तपासलेल्या लाकडाचा असू शकतो. दुसरी, तपासणी कोणी केली. तपासणीचे शुल्क बहुधा ज्याची तपासणी व्हावयाची तोच देतो, ही या पद्धतीतील ओळखली गेलेली उणीव आहे. तिसरी, तपासणी कशाची झाली. कार्यालयातील कागदांची, की वनातील कूपांची?

चिन्हे व दावे यांनाही आता कायद्याच्या कसोटीस उतरावे लागत आहे. 'सस्टेनेबल फॉरेस्ट्री इनिशिएटिव्ह' या उत्तर अमेरिकेतील प्रमाणन योजनेच्या टिकाऊपणाच्या दाव्यांविषयी तक्रार आल्यावरून कॅनडाच्या स्पर्धा कार्यालयाने २०२३ मध्ये चौकशी हाती घेतली. चौकशी म्हणजे दोषसिद्धी नव्हे. परंतु 'टिकाऊ' हा शब्द पुराव्यावाचून वापरता येतो काय, हा प्रश्न ग्राहक कायद्याच्या कक्षेत आला, ही गोष्ट महत्त्वाची आहे. अमेरिकेत लेसी कायद्याची व्याप्ती २००८ मध्ये वाढवून बेकायदा तोडलेल्या लाकडाच्या आयातीस आळा घालण्यात आला. त्याखाली 'लंबर लिक्विडेटर्स' या कंपनीने २०१५ मध्ये गुन्हा कबूल केला. रशियाच्या अतिपूर्वेकडील, वाघाचा वावर असलेल्या प्रदेशातील ओक लाकूड चुकीच्या नोंदी दाखवून आयात करण्यात आले होते. २०१६ मध्ये कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरांहून अधिक दंड भरावा लागला.

आपल्यापुरता बोध

भारतात सावधगिरीचे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये वेल्लोर प्रकरणात देशाच्या कायद्याचा भाग म्हणून स्वीकारले. त्याच वर्षी १२ डिसेंबर रोजी गोदावर्मन प्रकरणात न्यायालयाने 'वन' या शब्दाचा शब्दकोशातील अर्थ ग्राह्य धरला आणि मान्य कार्य आयोजनेनुसार होणारी तोड वगळता वनांतील वृक्षतोड स्थगित केली. तेव्हापासून कार्य आयोजना हा आपल्याकडील तोडीचा पाया ठरला. परंतु व्हिक्टोरियातही आराखडे होतेच. आराखडा वनाविषयी जे गृहीत धरतो, ते प्रत्यक्ष कूपात खरे आहे काय, याची पडताळणी झाली तरच आराखड्याला अर्थ राहतो.

प्रमाणचिन्हांच्या बाबतीतही आपल्याकडे व्यवस्था आकार घेत आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र शासनाने भारतीय वन व काष्ठ प्रमाणन योजना सुरू केली. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या पर्यावरणीय दाव्यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. 'हरित', 'पर्यावरणस्नेही', 'टिकाऊ' असे मोघम शब्द वापरणाऱ्याने त्यांचा आधार स्पष्ट करावा आणि तो ग्राहकास उपलब्ध करून द्यावा, असा त्यांचा आशय आहे. म्हणजे फर्निचर अथवा कागद खरेदी करणाऱ्या सामान्य माणसाला, हे चिन्ह कोणी दिले आणि कशावरून दिले, असे विचारण्याचा अधिकार आहे. शाळा, ग्रंथालये, नगरपालिका व कार्यालये मोठ्या प्रमाणावर कागद व लाकूडसामान घेतात. त्यांनी हा प्रश्न विचारण्याची प्रथा पाडली, तर तिचा परिणाम एकट्यादुकट्या ग्राहकापेक्षा कितीतरी अधिक होईल.

व्हिक्टोरियातील वने आज शांत आहेत. १९३९ च्या राखेतून उगवलेल्या झाडांनी ऐंशी वर्षांचा टप्पा ओलांडला आहे. वणव्यातून ती वाचली, तर त्यांच्या खोडांत ढोली तयार होण्यास अजून चाळीस-पन्नास वर्षे तरी लागतील. न्यायालयाचा हुकूम झाडाचे वय वाढवू शकत नाही, आणि प्रमाणपत्र ढोली कोरू शकत नाही. त्यांना एकच गोष्ट करता येते. कुऱ्हाड उचलण्यापूर्वी कोणीतरी बॅटरी घेऊन वनात जाईल आणि मान वर करून पाहील, याची हमी त्यांनी द्यावयाची असते.